फांदीवरची गाठ

कापड बेतणाऱ्या कात्र्या माझ्या नात्यातल्याच, पण त्या घरात बसून काम करतात. मी रानातली. दोन जाड पाती, मध्ये एक स्प्रिंग आणि लाल मुठी, एवढाच माझा देह. काम एकच, झाडांच्या फांद्या छाटायच्या. कोको पिकवणाऱ्या बाडूक्रोम गावात फ्रेमा नावाच्या शेतकरणीच्या चुलीवर एक वासा आहे, त्याला मी परवापर्यंत अडकलेली असायचे. धुरानं मुठींचा रंग काळवंडलाय. तिचं आणि माझं काय झालं ते मीच सांगते, कारण ती कोणाला सांगायला जाणार नाही.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. आग, पाणी, घासकाम, मग तेल चोपडून खोक्यात. खोक्यात आम्ही पुष्कळ जणी होतो. झाकण उघडलं तेव्हा समोर दिसल्या त्या डुफी मॅडम. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, मागे उभी केलेली मोटारसायकल, घसा बसलेला. कोकोच्या शेतकऱ्यांना शिकवायला त्या गावोगाव फिरायच्या. बाडूक्रोममध्ये त्यांचा वर्ग चर्चमागच्या मोठ्या झाडाखाली भरायचा आणि तो शेवटचा दिवस होता.

वर्गात नाव होतं बोआफोचं. बसायची मात्र त्याची बायको, फ्रेमा. नावं लिहून घेतानाच त्यानं सांगून टाकलं होतं, "नाव माझं घाला, पण पाठवतो हिला. खाली बसलं की माझा पाय आखडतो."

"सोंगट्या खेळताना नाही आखडत वाटतं?" पोकुआ मावशीनं मागून विचारलं, आणि सगळा वर्ग हसला. पोकुआ मावशीचं रान बोआफोच्या रानाला लागून. नवरा जाऊन कैक वर्षं झालेली, जीभ मात्र तरणीताठी.

कात्र्या कमी आणि घरं जास्त, म्हणून मॅडमनी पाच घरांत एक कात्री दिली. ती कोणी सांभाळायची यावर थोडी ओढाताण झाली. शेवटी पोकुआ मावशी म्हणाली, "फ्रेमाकडे ठेवा. तिच्याकडून मागून आणताना निदान चहाडी ऐकावी लागत नाही." अशी मी फ्रेमाची झाले. तिनं मला लुगड्यासारख्या गुंडाळलेल्या कापडाच्या गाठीत, कमरेला खोचलं आणि घरी नेलं.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. बोआफोची झाडं त्याच्या बापानं लावलेली. दाट, अंधारी, एकमेकांच्या अंगावर रेललेली. खोडांना आगाऊ फुटवे आलेले, वर बांडगूळ माजलेलं, खाली ओल धरून फळं काळी पडलेली. फ्रेमानं पहिली फांदी छाटली. दुसरी छाटली. तेवढ्यात बोआफो धावत आला.

"अगं, काय करतेस? हिरवी फांदी कापतेस?"

"हिला फळ धरत नाही. नुसती खाते."

"माझा बाप असता तर तुझा हात धरला असता."

"तुमचे बाबा असते तर मीच त्यांच्या हातात कात्री दिली असती. तुम्ही धरता का?"

त्यानं धरली नाही. बांधावर बसून तो बघत राहिला आणि प्रत्येक फांदी पडली की असा चेहरा करायचा, जणू त्याचंच बोट गेलं. आठवडाभरात रान बोडकं दिसू लागलं. येणारेजाणारे थांबून हसायचे. "बोआफो, तुझ्या बायकोनं झाडांची हजामत केली रे!" तेव्हापासून गावात तिचं नावच पडलं, झाडांची न्हावीण.

पण रानात ऊन आलं. मी तिच्या हातात होते म्हणून मला आधी कळलं. पूर्वी ओलसर, कुबट वास यायचा तो गेला. खोडांवर बारीक पांढरी फुलं धरली. पुढच्या मोठ्या हंगामात पिवळी फळं अशी लगडली की बोआफो एका झाडाभोवती फिरून आला, मग पुन्हा फिरून आला, आणि कोणी बघत नाही ना हे पाहून त्यानं खोडावर थोपटलं. बायकोला मात्र एवढंच म्हणाला, "यंदा पाऊस बरा झाला."

"हो, पाऊस फक्त आपल्याच रानावर पडला," फ्रेमा म्हणाली.

ती वर्षं आमची सुखाची. मी पाचही घरांत फिरले. कोणाकडे मला पुसून ठेवायचे, कोणाकडे ओल्या पात्यांनिशी कोपऱ्यात टाकायचे. माणूस कसा आहे ते त्याच्याकडच्या उसन्या वस्तूला विचारावं. पोकुआ मावशी मला परत करायची ती केळीच्या पानात गुंडाळून, सोबत दोन रताळी ठेवून. तिची फांदी उंच असली की फ्रेमाच जाऊन छाटायची, आणि मावशी खाली उभी राहून सूचना करायची, "ती नको, ती माझी लाडकी आहे."

फोडलेल्या फळांतल्या बिया केळीच्या पानांखाली मुरत पडायच्या, मग वेताच्या चटयांवर वाळायच्या. त्या हलवता हलवता बायका गाणी म्हणायच्या. फ्रेमाच्या घरावर नवे पत्रे आले. तिची मुलगी अदोमा पूर्वी हंगामात शाळा बुडवून फळं वेचायला यायची. मॅडमनी बजावलं होतं, पोरांचे हात वहीला लावा. आता ते जमण्यासारखं होतं. अदोमा मोठ्या शाळेत, वसतिगृहात गेली. सुट्टीत आली की नाक मुरडून म्हणायची, "आई, तुझ्या अंगाला कोकोचा वास येतो." फ्रेमा तिला मुद्दाम जवळ ओढायची.

आणि मग डुफी मॅडमचं अधूनमधून रानं बघायला येणंही थांबलं. ज्या कार्यक्रमातून त्या यायच्या त्याची मुदत संपली होती. निरोप घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी फ्रेमाला वर्गातलं एक चित्र पुन्हा दाखवलं. फांदीवर गाठ, सुजल्यासारखी. कोवळ्या पानांत लाल शिरा.

"फ्रेमाताई, हे कधी दिसलं तर गप्प बसू नका. पिठ्या ढेकूण ही कीड हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. याला औषध नाही. झाड काढायचं, आजूबाजूचीही काढायची. नाहीतर सगळा पट्टा जातो."

"तुम्ही नसाल तर सांगू कोणाला?"

"तालुक्याच्या कचेरीत. मी असते तर..." मॅडमनी वाक्य अर्धंच सोडलं आणि मोटारसायकलला किक मारली. पुढचं शिकायचं राहिलं होतं, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

त्यानंतर दोन हंगाम गेले. एक दिवस नदीकडच्या कोपऱ्यात फ्रेमा फुटवे छाटत होती. तिनं माझ्या मुठी दाबल्या आणि माझी पाती मध्येच अडली. रोज कापते ती फांदी मला ओळखू येते, ही वेगळी होती. निबर, फुगलेली. फ्रेमानं दोन्ही हातांनी जोर लावला. फांदी खाली पडली. तिनं ती उचलली, उलटसुलट केली, आणि तशीच उभी राहिली.

मग ती पुढच्या झाडाकडे गेली. तिथेही गाठ. त्याच्या पुढच्याला गाठ नव्हती, पण पानांत लाल शिरा होत्या आणि फळं लहान, गोटीसारखी गोल. तिच्या तळव्याला घाम सुटला. माझी मूठ निसटायला लागली.

घरी आल्यावर तिनं ती फांदी बोआफोसमोर ठेवली. तो जेवणासाठी उकडलेली केळी उखळात कुटत होता. त्यानं मुसळ थांबवलं नाही.

"गाठ कुठल्या झाडाला नसते?"

"ही ती गाठ आहे. मॅडमनी दाखवलेली."

"मॅडमनी दाखवली म्हणून तुला दिसली. दाखवली नसती तर?"

"तरी असतीच की."

मुसळ थांबलं. "किती झाडं?"

"त्या कोपऱ्यात बरीच. पलीकडेही असतील."

त्यानं ते उखळाला टेकवून ठेवलं. मग अगदी हळू म्हणाला, "फ्रेमा, ऐक. झाड लगेच मरत नाही ना? अजून काही वर्षं फळ देईल. अदोमाची शाळा तरी होऊ दे. तोवर कोणाला बोलू नकोस."

"आणि पोकुआ मावशी? तिचं रान बांधाला लागून आहे."

"पोकुआ मावशी आपल्या घरात चूल पेटवायला येणार आहे का?"

 फ्रेमानं मला वाशाला अडकवलं आणि ती फांदी चुलीत घातली. ओली होती. नुसता धूर झाला.

काही दिवस ती रानात गेली, पण मला नेलं नाही. मग एका सकाळी पोकुआ मावशी दारात आली. "न्हाविणबाई, कात्री दे. माझ्याकडे फुटवे माजलेत."

"तिची स्प्रिंग तुटलीय, मावशी."

मी वाशावरून ऐकत होते. माझी स्प्रिंग धडधाकट होती. माझ्याविषयी ती खोटं बोलली असं ते पहिल्यांदाच झालं. पिठ्या ढेकूण माझ्या पात्यांवर बसून तिकडे जाईल अशी भीती तिला वाटली असेल, किंवा मावशीच्या हातात मला देताना तिच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं.

"तुटली तर तुटली," मावशी म्हणाली. "त्यात एवढं रडवेलं तोंड कशाला? आजारी आहेस का पोरी? मी सूप पाठवते." आणि खरंच दुपारी तिनं शेंगदाण्याचं सूप पाठवलं. फ्रेमानं ते भांडं मांडीवर घेतलं आणि तशीच बसून राहिली. सूप गार झालं.

दुसऱ्या दिवशी ती रानात गेली, एक नवी फांदी कापली, फडक्यात गुंडाळली आणि मला कमरेला खोचून तालुक्याच्या रस्त्याला लागली. निघताना बोआफो अंगणात होता.

"चाललीस?"

"तुम्ही चला ना बरोबर."

"मी येणार नाही. आणि मला विचारून गेलीस असंही कुठे म्हणू नकोस."

पण तो तिला अडवायलाही आला नाही. वळणावरून तिनं मागे बघितलं तेव्हा तो तिथेच उभा होता.

कचेरीची माणसं आली ती रंगाचे डबे घेऊन. आजारी झाडाच्या खोडावर त्यांनी पाडायच्या खुणेचा पट्टा ओढला. मग त्याच्या शेजारच्या झाडावर, मग त्याच्याही शेजारच्या. बोआफोचं जवळजवळ सगळं रान रंगलं. पट्टे बांधापाशी थांबले नाहीत. पोकुआ मावशीच्या रानातल्या बांधाकडच्या ओळींवरही ओढले गेले, आणि आमच्या पाचांतल्या आणखी एका घराच्या रानाच्या कोपऱ्यावरही.

मावशी कापड सावरत आली. त्या दिवशी तिच्या जिभेवर विनोद नव्हता.

"गाठ तुझ्या झाडाला, आणि कुऱ्हाड माझ्या झाडाला?"

"मावशी, नाहीतर तुझं सगळं रान..."

"माझ्या झाडाला एक पान लाल दाखव! दाखव ना! तुला मोठं शिकायला मिळालं. आम्हालाच कात्री तुझ्याकडे ठेवायची हौस होती." मग ती थांबली, आणि जे बोलली ते माझ्या कानात अजून आहे. "आणि स्प्रिंग तुटलीय म्हणालीस. मी तुला सूप पाठवलं."

फ्रेमानं मान खाली घातली. माझ्या मुठीवर तिचा हात होता. तो घट्ट होत गेला, घट्ट होत गेला.

झाडं पडली तो दिवस कसा सांगू? मी फांद्या कापते, एक एक, झाडाचं भलं व्हावं म्हणून. यंत्राच्या करवतीला एवढा वेळ नव्हता. फुलांसकट, फळांसकट झाडं आडवी होत होती. बोआफोनं त्या माणसांना सांगितलं, "ते मधलं झाड माझ्यासाठी ठेवा. माझ्या बापानं पहिलं लावलेलं ते. ते मी पाडतो." त्यांनी ठेवलं. सगळं रान भुईसपाट झालं आणि ते एकच उभं राहिलं. बोआफो आपला लांब सुरा घेऊन गेला. एक घाव घातला. मग सुरा खाली ठेवला आणि हाताला येतील तेवढी फळं तोडून तो छातीशी धरायला लागला. कच्ची, हिरवी, कोणाच्याच उपयोगाची नसलेली. करवतवाला बाजूला उभा राहिला. शेवटी फ्रेमा पुढे झाली, तिनं नवऱ्याच्या खांद्याला धरून त्याला बाजूला घेतलं आणि त्या माणसाला मानेनं खूण केली.

भरपाई आणि नवी रोपं मिळतील असं सांगितलं होतं. दोन्ही मिळाली, नाही असं नाही. भरपाई आली ती उशिरा, आणि तोवर वाट बघण्यातच ती खर्चून झाली होती. रोपं आली ती कोरड्या दिवसांत. फ्रेमानं खांद्यावरून पाणी वाहिलं, केळीची सावली केली, तरी निम्मी जळाली. उरलेल्यांना फळ धरायला वर्षं लागणार. फांद्या कशा छाटाव्यात, बिया कशा मुरवाव्यात, पिठ्या ढेकूण कसा ओळखावा, सगळं तिला शिकवलं होतं. मधली वर्षं कशी काढावीत ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

अदोमा शाळेतून आली ती पेटी घेऊनच आली. "मी शहरात, कुमासीला जाते," ती म्हणाली. "केस विणायचं काम मिळतं तिथे. नंतर बघू शाळेचं." हे ती हसत म्हणाली, म्हणून आईला जास्त लागलं.

बोआफो दुसऱ्या गावी, परक्याच्या कोकोच्या रानात, पिकाच्या तिसऱ्या वाट्यावर राबायला गेला. सुरुवातीला यायचा. एकदा आला तेव्हा जेवून झाल्यावर ताट पुढे सारून म्हणाला, "तू बरोबर केलंस. मला कळतं ते. पण तुझ्याकडे बघितलं की मला ते रान दिसतं."

"मग रानाकडेच बघा," फ्रेमा म्हणाली. "रोपं कमरेएवढी झालीत. चला, दाखवते."

तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे निघाला. त्यानंतर कधी निरोप येतो, तो स्वतः येत नाही.

गावानं फ्रेमाला शिव्या घातल्या नाहीत. नुसतं विहिरीवर बोलणं थांबवलं. पाच घरांतलं कोणी मला मागायला आलं नाही. मी वाशाला लटकत राहिले. स्प्रिंगवर गंज चढला, पात्यांवर काजळी. तिला छाटायला झाडं नव्हती आणि मला दुसरं काही येत नव्हतं.

परवा गावात पुन्हा शिकवणारे आले. नवा कार्यक्रम, नवे मास्तर, वयानं कोवळे. दवंडी होती की जुनी अवजारं घेऊन या, म्हणून फ्रेमानं मला काढलं. त्याच झाडाखाली ती सगळ्यांच्या मागे बसली. मास्तरांनी तेच चित्र वर धरलं. फांदी, गाठ, लाल शिरा. "असं दिसलं तर लगेच कळवायचं."

 मग पुढून एकजण म्हणाला, "कळवलं की काय होतं, ते मागे बसलेल्या बाईला विचारा." थोडे हसले.

मास्तर गोंधळले. "ताई, तुम्ही कळवलं होतं?"

फ्रेमा उभी राहिली. मला तिनं दोन्ही हातांत धरलं होतं.

"कळवलं होतं. पुन्हा दिसली गाठ तर पुन्हा कळवीन," ती म्हणाली. "माझी पाडली म्हणून ह्या बाजूची झाडं उभी आहेत, ती सगळ्यांना दिसतायत. पण मास्तर, झाडं पाडल्यावर माणसानं काय खायचं, पोरीला कुठे ठेवायचं, ते तुमच्या कुठल्या चित्रात आहे? असेल तर ते आधी दाखवा. मग ह्यांतला प्रत्येकजण कळवील."

मास्तरांनी हातातली चित्रं चाळली. मग ती खाली ठेवली. "नाही," ते म्हणाले. "असं चित्र नाही माझ्याकडे." निदान खोटं तरी बोलले नाहीत.

वर्ग सुटला. फ्रेमा एकटीच निघाली. मागून काठीचा आवाज येत राहिला. पोकुआ मावशी होती. बरंच अंतर ती शेजारून चालली. मग रस्ता फुटतो तिथे थांबली.

"माझ्या रानात बांडगूळ माजलंय," ती म्हणाली. "वर बघितलं की मान दुखते. कात्री चालते का?"

"गंजलीय, मावशी."

"ह्या वेळी खरं ना?"

"खरं."

"मग तेल लाव."

घरी येऊन फ्रेमानं मला पामच्या तेलानं चोळलं. पाती उघडली, मिटली, उघडली. कुरकुरले मी, पण मिटले. आता मी दारापाशी पडले आहे आणि ती कापड कसून बांधतेय.

तुम्ही कोणी कोणाला काही शिकवायला जाणार असाल तर माझं एक ऐका. शिकवणं संपलं म्हणून लगेच निघू नका. शिकलेलं खरं करण्याची वेळ येते तेव्हा माणूस फार एकटा असतो. मी लोखंडाची, मला त्याच्या खांद्यावर हात ठेवता येत नाही. तुम्हाला येतो.

फ्रेमानं मला उचललं. उंबऱ्यात थांबून, सवयीनं, मागे वळून ती मोठ्यानं म्हणाली, "अहो, मी मावशीच्या रानात चाललेय."

आतून कोणी ओ दिली नाही. तिनं दार ओढून घेतलं, आणि आम्ही निघालो.